‘दया करा’ न म्हणता दया कशी मागायची? जुन्या इटालियन गोष्टींमधली विनवणी

जोव्हान्ना नावाची एक विधवा बाई फेदेरीगोच्या घरी न कळवता जेवायला येते. हा फेदेरीगो कधीकाळी तिच्यासाठी वेडा झाला होता, तिच्या नजरेत भरावं म्हणून मेजवान्या आणि खेळांवर सगळा पैसा उडवून बसला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आता तो काम्पी नावाच्या गावात छोट्याशा शेतावर राहतोय. उरलंय काय, तर शिकारीचा एक ससाणा, पण जातिवंत. तिकडे जोव्हान्नाचा एकुलता एक मुलगा आजारी आहे आणि म्हणतोय, आई, तो ससाणा मिळाला तर मी बरा होईन. म्हणून ती आलीय. जेवण होतं, थोडं इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग ती विषय काढते.

आता तुम्हीच विचार करा, या बाईने मागायचं कसं? ज्याला आयुष्यभर नाही म्हटलं त्याच्याकडे त्याची शेवटची वस्तू मागायची. ती म्हणते (मी माझ्या शब्दांत सांगतोय), फेदेरीगो, तुझं मागचं आयुष्य आणि माझं तेव्हाचं वागणं, जे तुला कदाचित कठोर, निर्दय वाटलं असेल, ते आठवलं की तुला माझ्या धिटाईचं नवलच वाटेल, पण तुला मुलं असती तर त्या मायेची ताकद तुला कळली असती आणि तू मला थोडंफार तरी माफ केलं असतंस, तुला नाहीयेत पण मला एक आहे, आणि बाकीच्या आयांना जो नियम तो मलाही चुकत नाही. आणि मग ते वाक्य येतं ज्यासाठी मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतो. ससाणा दे, पण तुझ्या माझ्यावरच्या प्रेमाखातर नको, त्या प्रेमापायी तू मला काहीच देणं लागत नाहीस, तर तुझ्या मनाच्या मोठेपणाखातर दे, जो तू इतरांपेक्षा जास्त दाखवलायस.

फेदेरीगो रडायला लागतो. तिला वाटतं ससाणा द्यायचा जिवावर आलंय. खरं कारण वेगळंच असतं, घरात पाहुणीला वाढायला काही नव्हतं म्हणून त्याने सकाळीच त्या ससाण्याची मान मुरगळून तो शिजवला होता आणि तिने नुकताच तोच खाल्ला होता.

ही गोष्ट जोव्हान्नी बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मधली, पाचव्या दिवसाची नववी. १३४८ च्या प्लेगमध्ये फ्लोरेन्स उद्ध्वस्त होत असताना सात तरुणी आणि तीन तरुण शहराबाहेर जातात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात, अशी त्या पुस्तकाची रचना. बहुतेकांना हे पुस्तक चावट गोष्टींसाठी माहीत असतं, आणि तशा त्यात आहेतच, पण त्यात माणसं एकमेकांकडे काहीतरी मागतात, गयावया करतात, काकुळतीला येतात असे प्रसंगही पानापानावर आहेत, आणि ते मागणं इतकं विचारपूर्वक बांधलेलं असतं की एकदा त्याची रचना दिसली की मग ती प्रत्येक गोष्टीत दिसायला लागते.

तर ती रचना काय ते सांगतो. त्या काळी इटलीत पत्र लिहिणं हे रीतसर शिकवलं जायचं, बोलोन्या हे त्याचं मोठं केंद्र होतं, गुईदो फाबा नावाच्या शिक्षकाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे पत्रांचे आणि भाषणांचे नमुने लिहून ठेवले, काही तर लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत. पत्राचे पाच भाग ठरलेले होते. आधी नमस्कार, मग ऐकणाऱ्याचं मन आपल्याकडे वळवणं, मग हकीकत, मग मागणी, मग शेवट. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत साष्टांग नमस्कार विनंती विशेष असं म्हणून मगच मुद्द्यावर यायचे ना, तशीच शिस्त. जोव्हान्नाचं बोलणं परत वाचा, नाव घेऊन हाक, मग “तुला नवल वाटेल” म्हणत त्याची बाजू आधीच मान्य करणं, मग मुलाची हकीकत, मग मागणी, आणि शेवटी ती म्हणते की या एका दानाने माझ्या मुलाचा जीव वाचवलास असं मी म्हणेन आणि जन्मभर तुझी ऋणी राहीन. अगदी पाचही भाग! बोकाच्चो व्यापाऱ्याचा मुलगा, तरुणपणी नेपल्समध्ये बँकेच्या कामात होता आणि नंतर तिथेच काही वर्षं चर्चचा कायदा शिकला, म्हणजे हिशेब आणि अर्ज ह्या दोन्ही गोष्टी त्याने जवळून बघितलेल्या.

पण नुसत्या साच्याने काम होत नाही. साचा सगळ्यांकडेच असतो. जोव्हान्नाने ‘मन वळवणं’ या भागात जे केलं ते बघा, तिच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार होतं त्याचं प्रेम, आणि तेच तिने बाजूला ठेवलं. प्रेमाचा दाखला दिला असता तर ते वसुली केल्यासारखं झालं असतं, म्हणून तिने त्याच्या स्वतःच्याच चांगुलपणाला हाक मारली. मला या सगळ्या गोष्टी वाचून जे वाटतं ते हेच, की यातली चांगली विनवणी ‘मी किती दुःखी आहे’ एवढंच सांगत नाही, ती समोरच्याला ‘तू कोण आहेस’ हे सांगते.

शब्दांकडे बघितलं तर हे जास्त कळतं. या गोष्टींत दयेसाठी दोन शब्द सारखे येतात, मेर्चे आणि पिएता. मेर्चे हा लॅटिनमधल्या मेर्सेस या शब्दापासून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ आहे मजुरी, मेहनताना! केलेल्या कामाचं मोल. त्याचा अर्थ हळूहळू सरकत मोबदला, मग बक्षीस, मग कृपा, मग दया असा झाला. सिसिलीचे आणि तोस्कानाचे तेराव्या शतकातले कवी प्रेयसीकडे मेर्चे मागायचे तेव्हा त्यात चाकराने धन्याकडे मागावं तसा सूर असायचा, मी इतकी सेवा केली, आता काहीतरी दे. आणि पिएता म्हणजे लॅटिन पिएतास, देवाबद्दल, आईवडलांबद्दल, आपल्या भूमीबद्दलचं कर्तव्य. मायकेलअँजेलोच्या त्या प्रसिद्ध शिल्पाचं नाव हेच, मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेली आई. म्हणजे दयेचे दोन्ही शब्द मुळात देण्याघेण्याचे आणि कर्तव्याचे आहेत. त्यामुळे त्या भाषेत दया मागणाऱ्याला आपोआपच एक आधार मिळतो, तो नुसता हात पसरत नाही तर तुझं माझ्याशी काहीतरी नातं आहे असंही सांगत असतो. (तिसरा एक छोटा शब्द आहे, ‘देह’, आपल्या शरीराशी त्याचा काही संबंध नाही, तो नुसता उद्गार, विनवणीच्या सुरुवातीला येतो, आपण “अहो, ऐका ना” म्हणतो तसा. तो दिसला की समजायचं आता कुणीतरी काकुळतीला आलंय.)

हिशेब आणि कर्तव्य म्हणजे नेमकं काय ते बघायचं तर रोमन सम्राट ट्रेजन आणि विधवेची गोष्ट घ्या. ‘नोव्हेल्लीनो’ नावाचा एक गोष्टींचा संग्रह आहे, बोकाच्चोच्याही आधीचा, तेराव्या शतकाच्या शेवटचा, लेखक माहीत नाही, गोष्टी एकदम आखूड. त्यात ही आहे आणि दान्ते या कवीनेही ती ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्याच्या पुर्गातोरियो भागाच्या दहाव्या सर्गात घेतलीय, तिथे ती संगमरवरात कोरलेली आहे आणि तरी ती माणसं बोलताना ऐकू येतात असं दान्तेला वाटतं, त्याला तो ‘दिसणारं बोलणं’ म्हणतो. सम्राट सैन्य घेऊन निघालाय, घोड्यावर बसलाय, एक विधवा लगाम धरून उभी, माझा मुलगा मारला, मला न्याय दे. तो म्हणतो मी परत येईपर्यंत थांब. ती म्हणते, महाराज, आणि तू परत आलाच नाहीस तर? तो म्हणतो, माझ्या जागी जो येईल तो देईल. त्यावर ती जे म्हणते ते असं, दुसऱ्याने केलेलं चांगलं काम तुझ्या काय कामाचं, तू तुझं विसरलास तर?

बघा, बाई रडतेय, दुःखाने पिळवटलीय, पण तिचा मुद्दा रडण्याचा नाहीच. तिचा मुद्दा हिशेबाचा आहे, हे देणं तुझ्या नावावर आहे, दुसऱ्याने फेडलं तर तुझं खातं कोरंच राहणार. ट्रेजन थांबतो. न्याय तसं सांगतो आणि पिएता मला थांबवते, असं तो म्हणतो.

याच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे सायप्रसच्या राजाची, हीसुद्धा नोव्हेल्लीनोत आहे आणि डेकॅमेरॉनमध्ये पहिल्या दिवसाची नववी, जेमतेम पानभर. फ्रान्समधल्या गास्कनीची एक बाई यात्रेहून परतताना सायप्रसमध्ये तिच्यावर काही गुंड अत्याचार करतात. राजाकडे जावं तर लोक सांगतात काही उपयोग नाही, तो इतका भित्रा आहे की स्वतःचे अपमानसुद्धा मुकाट गिळतो. तरी ती जाते आणि म्हणते, महाराज, मी सूड मागायला आले नाहीये, तुम्ही तुमच्यावरचे अपमान कसे सहन करता तेवढं मला शिकवा, म्हणजे मी माझा सहन करेन, आणि जमलं असतं तर माझाही मी तुम्हाला आनंदाने देऊन टाकला असता, तुम्ही इतके चांगले सोसता म्हणून. राजा झोपेतून जागा झाल्यासारखा उठतो आणि त्या दिवसापासून बदलतो. ट्रेजनला ‘तू थोर आहेस, तसा वाग’ असं सांगून चाललं, इथे थोरवी नव्हतीच, म्हणून बाईने रिकामी जागा दाखवली. वरवर नम्र, आत धारदार. मला ही विनवणी सगळ्यात धाडसी वाटते, कारण तिच्याकडे ना पैसा, ना ओळख, ना त्या बेटावर कुणी आपलं माणूस.

आता एक गोष्ट जी इंग्रजी भाषांतरात पूर्ण हरवते आणि मराठी माणसाला मात्र पटकन कळते, ती म्हणजे तू आणि तुम्ही. इटालियनमध्ये ‘तू’ हा शब्द तूच आहे, उच्चारसुद्धा जवळपास तोच, दोन्ही भाषांचं मूळ एक असल्यामुळे. आणि आदराचा ‘व्होई’, म्हणजे तुम्ही. मी आधी इंग्रजीत वाचलं तेव्हा सगळीकडे एकच यू होता, नंतर मूळ पानं शब्दकोश घेऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की अर्धी विनवणी या सर्वनामात आहे. जोव्हान्ना फेदेरीगोला तू म्हणते, तो तिला माडोन्ना (म्हणजे बाईसाहेब) आणि व्होई म्हणतो. मागणारी ती आहे, तरी नात्यातली उंची बदललेली नाही!

यावर बोकाच्चोने सगळ्यात सुंदर काम केलंय ते झीमाच्या गोष्टीत, तिसऱ्या दिवसाची पाचवी. पिस्तोइयातला एक कंजूस श्रीमंत, फ्रांचेस्को वेर्जेल्लेसी, याला त्याच्याच बायकोवर प्रेम करणाऱ्या झीमाचा घोडा हवाय. झीमा म्हणतो विकत नाही, फुकट देतो, पण तुमच्या समोर तुमच्या बायकोशी थोडं बोलू द्या, आवाज ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. नवरा कबूल होतो आणि बायकोला ताकीद देतो, एक शब्द बोलायचा नाही. झीमा तिच्यापुढे बसून पूर्ण शास्त्रशुद्ध विनवणी करतो, तिची स्तुती, आपली सेवा, आपली अवस्था, मी मेलो तर ते तुमच्यामुळे, नंतर तुम्हालाच वाईट वाटेल, वगैरे. ती गप्प. डोळ्यांत मात्र काहीतरी हललंय, एक सुस्कारा निघतो. झीमाला नवऱ्याचा डाव कळतो. मग तो तिच्या जागी बसल्यासारखा तिच्या वतीने स्वतःलाच उत्तर देतो, “माझ्या झीमा” अशी सुरुवात करून, आणि तिथे सर्वनाम बदलतं. तो तिला तुम्ही म्हणत होता, पण तिच्या तोंडून स्वतःला मात्र तू म्हणवून घेतो. जी जवळीक मागायची होती ती व्याकरणातच घेऊन टाकली. भेटायची खूणसुद्धा तोच ठरवतो, खोलीच्या खिडकीत दोन टॉवेल टांगलेले दिसले की यायचं. आणि पुढे टॉवेल दिसतात.

विनवणी फसते तेव्हा काय होतं? आठव्या दिवसाची सातवी गोष्ट, पुस्तकातली सगळ्यात लांब. एलेना नावाच्या विधवेने पॅरिसहून शिकून आलेल्या रिनिएरीला हिवाळ्यात रात्रभर अंगणात बर्फात उभं ठेवलेलं असतं, आत दुसरा प्रियकर असतो. पुढे जुलैमध्ये तो तिला फसवून एका मनोऱ्याच्या गच्चीवर नग्न चढवतो आणि शिडी काढून घेतो. दिवसभर ऊन, माश्या, तहान. ती वरून विनवते, सगळं बरोबर करते खरं तर, तू कुलीन माणूस आहेस, तुला सूड घेता आला असता एवढंच माझ्यासाठी पुरेसं आहे, गरुडाने कबुतराला हरवण्यात कसली शोभा. हे गरुडाचं वाक्य किती घासून तयार केलंय बघा. पण तो लगेच म्हणतो, तू कबुतर नाहीस, विषारी साप आहेस. म्हणजे तिने काढलेलं दोघांचं चित्रच तो नाकारतो, आणि चित्र नाकारलं की सगळी विनवणी कोसळते. मग ती नुसतं पाणी मागते, तोंड ओलं करायला, माझे अश्रू पुरत नाहीयेत म्हणून, आणि तेही मिळत नाही. मला ही गोष्ट वाचवत नाही. बोकाच्चोने तिचं बोलणं इतकं खरं लिहिलंय की रिनिएरीच्या लांबलचक उत्तरातला हिशेब, इतकी थंडी तर इतकं ऊन, वाचताना त्याचाच राग येतो, निदान मला तरी येतो.

आणि मग न मागणारी माणसं. प्रातो शहरातली फिलिप्पा, जिला व्यभिचारासाठी जाळायची शिक्षा आहे, ती न्यायाधीशापुढे रडतच नाही, ती म्हणते कायदे सगळ्यांना सारखे हवेत आणि ज्यांना लागू होणार त्यांच्या संमतीने व्हायला हवेत, हा कायदा करताना एकाही बाईला विचारलं नव्हतं. चौदाव्या शतकातलं वाक्य आहे हे! सगळं गाव तिच्या बाजूने होतं आणि कायदा बदलतो.

सालेर्नोच्या राजाची मुलगी गिस्मोंदा तर त्याहून पुढची. बाप तांक्रेदी तिच्या प्रियकराला पकडून तिच्यासमोर येतो आणि मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो. तिचं पहिलं वाक्य, तांक्रेदी, मी नाकारणारही नाही आणि विनवणारही नाही, कारण नाकारण्याचा उपयोग होणार नाही आणि विनवण्याचा उपयोग व्हावा असं मला वाटत नाही. बापाला सरळ नावाने हाक. कुठल्याही मराठी घरात हे वाक्य उच्चारून बघा, मग कळेल त्यात किती काय तुटलंय. बाप त्या प्रियकराला मारतो, आणि ती विष घेते. पण विष घेतल्यावर, अगदी शेवटी, ती एक गोष्ट मागतेच, आम्हा दोघांना एकत्र आणि उघडपणे पुरा, आणि ते मागताना म्हणते, तुझ्यात माझ्याविषयीचं पूर्वीचं प्रेम थोडं जरी जिवंत असेल तर. जोव्हान्नाने प्रेमाचा दाखला टाळला होता, हिने फक्त तोच दिला, कारण मोठेपणा त्या बापात उरलाच नव्हता.

हे फक्त फ्लोरेन्सच्या शिकलेल्या लेखकांपुरतं नाही. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझीलेचं परीकथांचं पुस्तक १६३४ ते १६३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, नेपल्सच्या बोलीत छापलं गेलं, त्यात सिंड्रेलाची एक फार जुनी छापील आवृत्ती आहे. तिथे झेझोल्लाकडे (सिंड्रेलाचं तिथलं नाव) एक खजुराचं झाड आहे आणि ती त्याला म्हणते, माझ्या सोन्याच्या खजुरा, कुदळीने तुला खणलं, बादलीने तुला पाणी घातलं, रेशमी कापडाने तुला पुसलं, आता तुझं उतरव आणि मला नेसव. हेच ते मेर्चे! आधी केलेलं काम मोजून दाखवायचं, मग मागायचं. एका मुलीचं झाडाशी बोलणं, पण रचना तीच.

शेवटी ग्रिसेल्दा, डेकॅमेरॉनची शंभरावी गोष्ट, जी पेत्रार्का या कवीने १३७३ मध्ये लॅटिनमध्ये नेली आणि मग ती युरोपभर गेली. सालुत्सोचा सरदार ग्वाल्तिएरी एका गरीब मुलीशी लग्न करतो आणि तिची परीक्षा घ्यायची म्हणून वर्षानुवर्षं तिला छळतो, मुलं काढून घेतो, मारली असं भासवतो. मुलं नेताना ती म्हणते, माझ्या स्वामी, तुला ज्यात समाधान ते कर, माझी काळजी करू नकोस. तू. पण तो तिला हाकलून देतो तेव्हा ती अचानक व्होईवर जाते, तुम्हाला परत हवंय, मी परत देते. एका सर्वनामात लग्न संपलं. आणि मग ती एकच वस्तू मागते, मी इथे माझं कौमार्य घेऊन आले होते, ते परत नेत नाहीये, त्याच्या बदल्यात अंगावर एक सदरा तरी नेऊ द्या. परत हिशेब, आणि इतका छोटा की ग्वाल्तिएरीला तोंड घट्ट ठेवावं लागतं, रडू येतंय हे दिसू नये म्हणून. ती अनवाणी, डोक्यावर काही न घेता बापाच्या घरी जाते. बापाने तिचे जुने कपडे जपून ठेवलेले असतात, कारण हे लग्न टिकेल यावर त्याचा कधी विश्वासच नव्हता.

मग ग्वाल्तिएरी तिला नव्या नवरीच्या स्वागताच्या कामाला बोलावतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, कशी वाटली आमची नवरी? ती म्हणते छान आहे, पण एक विनंती आहे, तुमच्या त्या पहिलीला जसे डंख दिलेत तसे हिला देऊ नका, ही लहान आहे, लाडात वाढलीय, त्या पहिलीला लहानपणापासून कष्टांची सवय होती. त्या पहिलीला, असं म्हणते, मला नाही. तेरा वर्षांत तिने स्वतःसाठी फक्त एक सदरा मागितला होता आणि आता पहिल्यांदा तोंड उघडून स्पष्ट विनवते ती दुसऱ्या मुलीसाठी. यानंतर ग्वाल्तिएरी तिला शेजारी बसवतो आणि सगळं खरं सांगतो.